वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मुंबईच्या मंडळानं काय करावं?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीच्या मुंबई मंडळाचे, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाचे, चिटणीस विचारतात: वाडीत चाळीसेक घरं आहेत, त्यातली निम्मी जवळपास वर्षभर बंद असतात. उघड्या घरांत बहुतेक सत्तरीपुढची माणसं, काही घरांत तर एकटं माणूस. शिमगा, सत्यनारायणाची पूजा आणि क्रिकेटचे सामने यांचा खर्च भागवून मंडळाकडे बऱ्यापैकी शिल्लक उरते. त्यातून ‘ज्येष्ठ नागरिक भवन’ बांधावं, दर महिन्याला म्हाताऱ्यांच्या हातात काही रक्कम द्यावी, की दुसरं काही?

उत्तर आधी सांगते. भवन बांधू नका, रोख रक्कमही वाटू नका. त्या पैशातून वाडीतलीच एक बाई पगार देऊन नेमा आणि तिनं रोज या घरांची फेरी मारावी. मंडळानं करण्यासारखं बाकीचं सगळं काम तिच्या आधारानं उभं राहतं. मी आधी मुंबईत रुग्णालयात समाजसेविका होते आणि गेली कित्येक वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्येष्ठांसोबत काम करते. ही माणसं मुंबईच्या वॉर्डात येऊन पडतात तेव्हाही पाहिलीत आणि त्याआधी घरात कशी राहतात तेही पाहिलंय, त्यावरून हे सांगते आहे.

भवनं मी पाहिली आहेत. बाहेर उद्घाटनाचा फलक, आत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कॅरम, दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे हे विचारत तीन घरं फिरावं लागतं. जिचे गुडघे गेलेत ती आजी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून टीव्ही बघायला तिथवर येणार नाही, आणि जो धडधाकट आहे त्याला भवनाची गरज नाही, तो देवळाच्या पायरीवर बसतोच. रोख रकमेचं म्हणाल, तर घरात पिणारा मुलगा असला की ती रक्कम त्याची. तसा कोणी नसला तरी पाचशे रुपये हातात असून उपयोग काय, औषध आणायला तालुक्याला जाणारं माणूस नसेल तर?

तुमच्यासारखी मंडळं कशासाठी निघाली हे जरा आठवून बघा. लालबाग, परळ, डिलाईल रोडला एकेका गावाच्या खोल्या होत्या. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे त्या खोलीत माणसं झोपायची, जेवण खानावळीत, आणि महिन्याची वर्गणी मंडळाकडे. कोणी आजारी पडला तर त्याला गावी पोचवायचं, कोणी गेला तर त्याचं सगळं करायचं, नव्यानं आलेल्या पोराला कुठेतरी चिकटवून द्यायचं, यासाठी ती वर्गणी होती. गोव्याच्या लोकांचे धोबीतलावकडचे ‘कूड’ याच धर्तीचे. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी गावी गेले ते कायमचेच. तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेले ते गडी आज पंचाहत्तरी-ऐंशीला आलेत. म्हणजे तुमच्या वाडीत आज पडवीत एकटं बसलेलं माणूस हा बऱ्याचदा मंडळाचाच जुना वर्गणीदार आहे, नाहीतर त्याची बायको, जिनं तो मुंबईत असताना मनीऑर्डरवर घर, शेती आणि सासू-सासरे सांभाळले. मंडळानं त्यांच्यासाठी काही केलं तर ते जुनं देणं फेडणं आहे. ‘समाजसेवा’ हा शब्दही तिथे वापरू नये असं मला वाटतं.

आणि हे तुमच्या एकट्या वाडीचं नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६ लाख ९६ हजार होती, २०११ ला ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गचीही घटली. त्याच दहा वर्षांत राज्याची जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका आहेत. कर्ते पुरुष बाहेर आणि घरी बायका-म्हातारे, हे त्या आकड्यातच दिसतं.

आता त्या बाईबद्दल. ती वाडीतलीच हवी, चाळीस ते पंचावन्न वयाची, चालती-फिरती, लिहिता-वाचता येणारी, आणि मुख्य म्हणजे जिचं तोंड गप्प राहतं अशी. अध्यक्षांची भावजय किंवा खजिनदाराची सून नको, मग ती कितीही चांगली असो. बारा-पंधरा घरांना रोज दोन-अडीच तास लागतात. मानधन महिन्याला पाच-सहा हजार धरा. मंडळात साठ कमावते सभासद असतील आणि प्रत्येकानं महिन्याला शंभर रुपये दिले तरी सहा हजार होतात. वार्षिक वर्गणीतून हे भागवू नका, तिच्यासाठी मासिक वर्गणी वेगळी ठेवा, नाहीतर ज्या वर्षी देवळाचं काम निघेल त्या वर्षी बाईचा पगार थांबेल. पगार ठरल्या तारखेला तिच्या खात्यात. ‘आपलीच माणसं आहेत, पैसे कशाला’ असं सभेत कोणीतरी म्हणेलच. त्याला सांगा की फुकटची फेरी आठवडाभर होते, मग भातलावणी येते, मग लग्नसराई येते, आणि फेरी बंद पडते. बाईच्या वेळेला किंमत आहे हे मान्य केलं तरच तिला ‘काल का गेली नाहीस’ असं विचारता येतं.

‘आशाताई आहे की’ असंही म्हणतील. आशाताईकडे हजारभर लोकवस्ती असते, गरोदर बायका, लसीकरण, सर्वेक्षणं, आणि तिच्या मानधनाचा काही भाग त्या-त्या कामाशी बांधलेला. ती रोज येऊ शकत नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षा करणं बरोबर नाही. तुमच्या बाईनं तिच्याशी आणि उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांशी जोडून घ्यावं, म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्येकाचा बीपी आणि साखर तपासली जाईल.

फेरीत तिनं काय बघायचं? चूल किंवा गॅस पेटलाय का, काल रात्री काय जेवलं, पाणी भरलंय का, पायाला सूज आहे का, बोलणं नेहमीसारखं आहे का, औषध घेतलं का. एका वहीत घरटी एक ओळ. डॉक्टरी करायची नाही, फक्त कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते टिपायचं. ही साधी गोष्ट किती मोलाची ठरते ते केरळात बघायला मिळतं. मलप्पुरम जिल्ह्यात २००१ पासून शेजारच्याच लोकांनी आठवड्याचे किमान दोन तास देऊन अंथरुणाला खिळलेल्यांची आणि दुखणाईतांची काळजी घ्यायची पद्धत उभी केली. डॉक्टर-नर्स त्यांच्या पाठीशी असतात, पण दार ठोठावणारं माणूस गल्लीतलंच. कोकणात तरुण गावी नाहीत, म्हणून स्वयंसेवकांच्या जागी आपल्याला पगारी बाई लागते, एवढाच फरक.

औषधांवर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ मी इथेच बघते. एका घरात आजींना सकाळी उठलं की अंधारी यायची. मुलगा म्हणाला, वयच झालंय. मी त्यांची पिशवी चटईवर रिकामी केली. प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, त्यात रबर लावलेल्या पट्ट्या, काही अर्ध्या, काहींवरची तारीख उलटून गेलेली. त्यात टेल्मिसार्टनच्या दोन पट्ट्या निघाल्या. एक प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेली, दुसरी मुलानं मुंबईच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाठवलेली. कंपनी वेगळी, वेष्टनाचा रंग वेगळा, गोळीचा आकार वेगळा, औषध एकच. आजी दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. ती पिशवी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपुढे ठेवली, त्यांनी एक बंद केली आणि अंधारी गेली. म्हणून सांगते, वर्षातून दोनदा प्रत्येक घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी डॉक्टरांपुढे नेऊन ठेवा. मुंबईहून औषध पाठवणाऱ्यानं आधीच्या पट्टीचा फोटो मागवून घ्यावा आणि बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव जुळवून बघावं. स्वतःच्या मनानं मात्र कोणी काही बंद करायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अचानक झालेली भ्रमिष्टता. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज असंबद्ध बोलायला लागलं, रात्री उठून ‘मला कामावर जायचंय’ म्हणायला लागलं, तर वाडीत दोन तर्क होतात: म्हातारं चळलं, नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलं. स्मृतिभ्रंश हळूहळू येतो, महिन्या-वर्षांत. एक-दोन दिवसांत झालेला बदल बहुधा शरीरातल्या बिघाडामुळे असतो. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, एखादं नवीन औषध, कधी पडून डोक्याला लागलेलं असतं आणि कोणाला सांगितलेलं नसतं. यातली बरीच कारणं वेळेवर उपचार झाले तर बरी होतात. म्हणून असा माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला पाहिजे. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, पण गाडी निघाल्यावर.

पडण्याचं भय कोकणातल्या घरात जास्त आहे. न्हाणीघर मागच्या दारी, वाटेवर शेवाळ धरलेला चिरा, रात्री लाइट नाही, आणि संडास बऱ्याचदा घरापासून लांब. खुब्याचं हाड मोडलं की ऐंशीतलं माणूस पुन्हा पहिल्यासारखं चालेलच असं नाही. इथे मंडळाचा पैसा सरळ कामी येतो: न्हाणीत आणि संडासात भिंतीला धरायला दांडे, मागच्या दाराला चार्जिंगचा दिवा, गुडघे गेलेल्यांना कमोडची खुर्ची, पाखाडीला एका बाजूनं लोखंडी कठडा. हे सगळं मिळून भवनाच्या स्लॅबपेक्षाही कमी खर्चात होतं. रात्री उठताना क्षणभर कडेला बसून मग उभं राहायचं, हे बाईनं रोज सांगत राहायचं. कंटाळा येईल इतकं सांगायचं.

आणि पडलंच कोणी तर १०८ ची गाडी वाडीत येत नाही, ती रस्त्यापर्यंत येते. घरापासून रस्त्यापर्यंत कसं आणायचं हे त्या क्षणी ठरवायची गोष्ट नाही. एक घडीचं स्ट्रेचर वाडीत ठेवा, ते कोणाच्या पडवीत आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या आणि शिमग्याला पोरं गावी असतील तेव्हा एकदा पाखाडीवरून रिकामं खाली आणून बघा. शेजारच्या वाडीतल्या रिक्षा-टमटमवाल्यांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. फोनला रेंज कुठे येते, सड्यावर (वरच्या माळावर) की शाळेजवळ, हेही लिहा. नातेवाइकांना हे ठाऊक असतं, पण त्या रात्री मदतीला धावलेल्या परक्या माणसाला नसतं.

आतून लावलेली कडी ही आणखी एक अडचण. एकटं माणूस रात्री कडी लावून झोपतं, सकाळी दार उघडत नाही, आणि मग कौलं काढून आत उतरावं लागतं. बाहेरून चावीनं उघडेल असं साधं लॅच बसवून दुसरी चावी शेजारी किंवा बाईकडे ठेवायची, असं घरोघर समजावून सांगावं लागतं. बायका पटकन तयार होत नाहीत, भीती वाटते, आणि ती रास्त आहे. म्हणूनच बाई विश्वासातली हवी असं मी वर म्हटलं.

मुंबईतल्या सभासदांनी फोन करायची यादी करावी का? करावी, पण ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. एका तरुण सभासदाकडे दोन घरं, आठवड्यातून दोनदा, तिन्हीसांजेच्या सुमाराला. ती वेळ एकट्या माणसाला सगळ्यात जड जाते. ‘तब्येत कशी आहे’ विचारलं तर ‘बरी आहे’ एवढंच उत्तर येतं. वालीला फुलं आली का, रात्रीची मुक्कामाची एसटी वेळेवर आली का, कोणाकडे भजन होतं, असं विचारलं की माणूस बोलायला लागतं आणि त्या बोलण्यातच कळतं की श्वास लागतोय की नाही. फोन उचलला नाही तर अर्ध्या तासानं पुन्हा, मग शेजारी, मग बाई, हा क्रम ठरवून ठेवा. ऐकू कमी येत असेल तर फोन टाळला जातो आणि मग माणसंही टाळली जातात. कान तपासून घ्या. कानाचं यंत्र मिळालं की अर्धं एकटेपण जातं हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

तुमच्या मंडळाच्या हातात एक मोठी सोय आहे: शिमगा, मे महिना आणि गणपती, वर्षातून तीनदा सगळे चाकरमानी गावी असतात. यातला मे महिना ज्येष्ठांसाठी राखून ठेवा, कारण त्यानंतर पावसाचे चार महिने वाडी तुटल्यासारखी होते. पूर्वी घरोघर आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, बेगमी व्हायची. आता एकट्या म्हातारीला ती झेपत नाही, तर मंडळानं करावी. कौलं शाकारून घेणं, लाकूडफाटा पडवीत आणून रचणं, दोन महिन्यांची औषधं, तांदूळ-डाळ-मीठ-तेल, चष्म्याची फुटलेली काच, बॅटरी, पॉवर बँक. पहिल्या वादळात वीज गेली की चार-चार दिवस येत नाही आणि फोन बंद पडतात, मुंबईत लोक घाबरून जातात. पोरांना क्रिकेटचे सामने भरवायचे असतील तर भरवू द्या. सामन्यांच्या आदल्या दोन दिवसांत प्रत्येक संघाकडे चार घरांची कौलं आणि लाकडं द्या. मी हे होताना पाहिलंय, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्यांनी त्या पोरांना नावानिशी ओळखायला सुरुवात केली.

कागदपत्रं आणि सरकारी पैसा यावरही मंडळानं हात द्यायला हवा, कारण योजना आहेत पण तहसीलपर्यंत जायचं कोणी? श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या माणसाला महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्याला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, तो राहिला की पैसे थांबतात आणि म्हातारं माणूस ‘सरकारनं बंद केलं’ म्हणून गप्प बसतं. गिरणीची किंवा इतर कंपनीची पीएफची पेन्शन असणाऱ्यांनाही दरवर्षी जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, द्यावा लागतो. बोटांचे ठसे झिजून अंगठा उठत नसेल तर तो आता चेहरा दाखवूनही करता येतो, आणि पोस्टमन घरी येऊन करून देतो. तोच पोस्टमन पोस्ट पेमेंट्स बँकेच्या यंत्रावर घरात पैसेही काढून देतो. त्याच्याशी चांगले संबंध ठेवा, तो या कामात तुमचा मोठा आधार आहे. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यास वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार त्यावर होतो. रोजच्या गोळ्यांना ते चालत नाही, हे आधीच सांगा, नाहीतर निराशा होते. कार्ड आजारी पडल्यावर काढायला जाऊ नका. मे महिन्यात एक दिवस माणूस बोलावून सगळ्यांची कार्डं एकदम काढून घ्या.

एसटीत ७५ वर्षांपुढे प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ निम्मं तिकीट. पण वाडीची गाडीच बंद झाली असेल तर मोफत तिकिटाचं काय करायचं? आगारात निवेदन द्यायचं, पाठपुरावा करायचा, आठवड्यातून किमान बाजाराच्या दिवशी तरी फेरी द्या म्हणायचं, हे काम मुंबईचं मंडळ एकट्या माणसापेक्षा कितीतरी चांगलं करू शकतं. तुमच्याकडे लेटरहेड आहे आणि सह्या आहेत.

फोनवरून फसवणूक करणारेही आता वाडीपर्यंत पोचलेत. ‘तुमच्या नावावर गुन्हा आहे, घराबाहेर पडू नका, व्हिडिओ कॉल बंद करू नका’ असं सांगून पैसे काढतात. फोनवरून अटक होत नाही, असा कोणताही कायदा नाही, हे प्रत्येकाला सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आता अवघड भागाकडे येते. जमीन. कोकणात जमिनीला भाव आला आणि एकट्या म्हाताऱ्यांच्या पडवीत अनोळखी माणसं बसायला लागली. सातबाऱ्यावर पंधरा नावं, त्यातलं एक या आजींचं, आणि ‘नुसती सही करा’ म्हणून कुलमुखत्यारपत्र पुढे केलं जातं. वाडीत एक नियम रूढ करा: मुलांना किंवा ओळखीच्या वकिलाला विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही-अंगठा नाही, आणि तसा कागद घेऊन कोणी आलं की बाईनं त्याच संध्याकाळी मुंबईला कळवायचं. मंडळानं स्वतः मात्र भावकीच्या वाटणीत पडू नये, आणि कोणा निराधार माणसाची जमीन मंडळाच्या नावावर करून घेऊ नये, तो माणूस स्वखुशीनं देत असला तरी. त्या एका व्यवहारानं पुढच्या सगळ्या मदतीवर संशय येतो.

मुलं बघत नाहीत, छळतात, पेन्शन हिसकावतात, अशी घरंही असतात. तुमच्या वाडीत नाहीत असं समजू नका. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा वारशानं जाणार आहे त्याच्यावर ही जबाबदारी येते. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि नंतर सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर ती अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. तुमच्या कामाची गोष्ट अशी: ज्येष्ठाला स्वतःला जमत नसेल तर त्यानं अधिकार दिलेली नोंदणीकृत संस्था त्याच्यासाठी अर्ज करू शकते. तुमचं मंडळ नोंदलेलं नसेल तर एवढ्याच कारणासाठी नोंदवा. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. तरी कायद्याच्या आधी मुलाला मुंबईतच चार जाणत्यांनी बसवून विचारावं. मंडळाच्या शब्दाला अजून वजन आहे आणि मुलाला मंडळात तोंड दाखवायचं असतं. ही ताकद सरकारकडे नाही.

पण हीच ताकद उलटी फिरते तेही मी पाहिलंय, आणि याबद्दल स्पष्ट बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. देवळाच्या मानावरून, वर्गणीवरून, निवडणुकीवरून वाडीत एखादं घर वाळीत टाकलं जातं. तरुण माणसं त्यातून तरतात, त्यांना मुंबई आहे. घरातल्या म्हातारीला मात्र विहिरीवर कोणी बोलत नाही, आजारी पडली तर कोणी येत नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मला इथे कायद्यापेक्षा मंडळाच्या ठरावाची जास्त गरज वाटते. ठरावात लिहा: बाईची फेरी वाडीतल्या प्रत्येक ज्येष्ठाच्या घरी जाईल, त्या घराची वर्गणी आली असो वा नसो, त्या घराशी बोलणं असो वा नसो. आणि फेरी वाडीच्या हद्दीवर थांबू नये. खाली बौद्धवाडीत, पलीकडे धनगरवाड्यावर एकटी माणसं असतील तर तीही यादीत घ्या. तिथल्या मंडळांशी बोला, दोन बायका नेमा, खर्च वाटून घ्या. तसंही रस्त्यापर्यंत स्ट्रेचर न्यायला चार खांदे लागतात, ते एका वाडीत आता मिळत नाहीत.

ज्येष्ठांच्या सत्काराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मंडळाच्या खर्चात तो असणारच. शाल-श्रीफळ चालू ठेवा, त्यांना ते आवडतं. त्यापेक्षा जास्त त्यांना काम आवडतं. कोणत्या शेताला कोणतं पाणी, पालखीचा कोणता मान कोणाकडे, नमनातली जुनी गाणी, गाऱ्हाण्याचे शब्द, हे त्यांच्याशिवाय कोणाला येत नाही. शिमग्याच्या तयारीची बैठक मुंबईत उरकून गावाला फक्त निरोप पाठवायची पद्धत पडली आहे, ती मोडा. बैठकीचा फोन स्पीकरवर टाकून पडवीत ठेवा आणि त्यांचं ऐका.

शेवटी मुंबईच्या बाजूचं. मंडळाची गिरणगावातली खोली अजून हातात असेल तर ती भाड्यानं देऊ नका, विकूही नका. केईएम आणि टाटा दोन्ही परळला आहेत. गावाहून तपासणीला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आणि सोबतच्याला आठ दिवस टेकायला जागा मिळाली तर अर्धा आजार हलका होतो. सभासदांत कोणी त्या रुग्णालयांत वॉर्डबॉय, नर्स, क्लार्क असेलच. केसपेपर कुठे काढायचा, सरकारी योजनेत रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र कुठे बसतो, कोणत्या वारी कोणती ओपीडी, हे सांगायला असं एक माणूस ठरवून द्या आणि त्याचा नंबर गावच्या बाईकडे असू द्या. विरार, बदलापूर, दिव्याला मुलांकडे राहायला आलेले म्हातारेही विसरू नका. चौथ्या मजल्यावर दिवसभर बंद दाराआड बसलेला तुमचा जुना सभासद वाडीतल्यापेक्षा जास्त एकटा असू शकतो. त्याला महिन्यातून एकदा कोणीतरी येऊन भजनाला घेऊन जावं.

सुरुवात करायची असेल तर शिमग्यात, सगळे गावी असताना, बाईची निवड आणि मासिक वर्गणीचा ठराव करा. मे महिन्यात घरटी यादी, औषधांच्या पिशव्या, कार्डं आणि आगोटीची बेगमी. गणपतीला बाईची वही सभेत ठेवून हिशेब बघा, म्हणजे फेरीत खाडे किती झाले तेवढंच. कोणाच्या घरी काय चाललंय ते त्या वहीतून सभेत मोठ्यानं वाचायचं नाही.